दगडीचा आंधळा इलाज

२००७ साली नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या एका गोठ्यातल्या दुधाच्या टाकीतून नमुना घेतला गेला आणि त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू निघाला. त्यात नवल काहीच नव्हतं. गाईच्या कासेत मुक्काम ठोकणाऱ्या जंतूंमधला हा जुना मानकरी. गोंधळ पुढे झाला. प्रयोगशाळेत वाढवून पाहिलं तर मेथिसिलीनच्या घराण्यातली औषधं त्याला दाद देत नव्हती, म्हणजे तो एमआरएसए ठरत होता. पण ज्या जनुकावरून एमआरएसए ओळखतात, त्या मेक-ए जनुकाची चाचणी मात्र ‘नाही’ म्हणत होती. केंब्रिज विद्यापीठातल्या मार्क होम्स यांच्या गटाने त्याचा अख्खा जनुकक्रम वाचून काढला, तेव्हा मेक-एशी सुमारे ७० टक्केच जुळणारं एक वेगळंच जनुक हाती लागलं. २०११ साली हा शोध ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये प्रसिद्ध झाला. त्या जनुकाला पुढे मेक-सी हे नाव मिळालं. रुग्णालयांनी जपून ठेवलेले जुने नमुने पुन्हा तपासले, तेव्हा माणसांच्या रक्तातही हे जनुक असलेला जिवाणू सापडला. त्यातला डेन्मार्कमधला एक नमुना तर १९७५चा होता.

बोट अर्थातच गोठ्याकडे गेलं. गाईंना वर्षानुवर्षं प्रतिजैविकं टोचली, त्याचंच हे पीक, असा निष्कर्ष निघाला. त्या निष्कर्षाला २०२२मध्ये ‘नेचर’मधल्या एका संशोधनाने चांगलाच धक्का दिला. हेजहॉग हा अंगभर काटे असलेला लहानसा निशाचर प्राणी युरोपात परसदारी फिरतो. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये तपासलेल्या हेजहॉगपैकी निम्म्याहून अधिकांच्या अंगावर हाच मेक-सीवाला जिवाणू होता. या प्राण्याच्या कातडीवर एक बुरशी राहते आणि ती पेनिसिलीनसारखी द्रव्यं तयार करते. तिच्या शेजारी टिकायचं तर जिवाणूला प्रतिकार शिकणं भागच होतं. जनुकांतल्या बदलांवरून काळ मोजला, तेव्हा या वंशाचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मागे गेला. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीन सापडलं १९२८मध्ये. म्हणजे औषधाच्या आधी शंभरेक वर्षं प्रतिकार हजर होता.

या कथेतून औषध कंपन्यांची वकिली करणाऱ्यांना ‘बघा, दोष आमचा नाही’ असं म्हणायला जागा मिळते. ते अर्धंच खरं आहे. प्रतिकाराचा कच्चा माल निसर्गात पूर्वीपासून पडून आहे. कोणता माल उचलला जाईल आणि किती पसरेल, हे मात्र रोज कोणतं औषध, किती वेळा आणि कशासाठी वापरलं जातं यावर ठरतं. दुभत्या जनावरांच्या बाबतीत त्या वापराचं सगळ्यांत मोठं कारण एकच आहे: कासेचा आजार.

शास्त्रीय पुस्तकं त्याला कासदाह म्हणतात. महाराष्ट्रातल्या गोठ्यांत त्याला ‘दगडी’ म्हणतात, कारण सुजलेली कास हाताला दगडासारखी लागते. सड गरम, गाय हात लावू देत नाही, धारेत गाठी, कधी पिवळसर पाणी, कधी रक्त. हा झाला डोळ्यांना दिसणारा प्रकार. त्याहून कितीतरी मोठा प्रकार न दिसणारा आहे. सुप्त कासदाहात दूध नेहमीसारखंच दिसतं, गाय चारा खाते, फक्त दुधाची धार हळूहळू कमी होत जाते आणि शेतकरी म्हणतो, ‘यंदा ढेप चांगली नाही.’ बेंगळुरूच्या ‘निवेदी’ या राष्ट्रीय संस्थेतल्या संशोधकांनी २०२१मध्ये देशोदेशीच्या पाहण्या एकत्र करून हिशेब मांडला. त्यानुसार भारतात सुप्त कासदाहाचं प्रमाण सुमारे ४५ टक्के आणि दिसणाऱ्या कासदाहाचं सुमारे १८ टक्के निघालं. त्याआधी, २००९च्या एका बहुउद्धृत अंदाजानुसार, या रोगापायी देशाचं वर्षाला ७,१६५ कोटी रुपयांचं नुकसान होत होतं.

सुप्त कासदाह ओळखायची युक्ती साधी, स्वस्त आणि जुनी आहे. १९५७मध्ये कॅलिफोर्नियात शाल्म आणि नूरलँडर या दोघांनी ती बसवली. चार खळग्यांचं एक प्लास्टिकचं तबक असतं. चार सडांची थोडी थोडी धार चार खळग्यांत घ्यायची, तितकंच द्रावण टाकायचं आणि तबक सपाट ठेवून गोल गोल फिरवायचं. निरोगी सडाचं दूध पाण्यासारखं फिरत राहतं. आजारी सडाच्या दुधात कायिक पेशी, म्हणजे जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी, भरपूर असतात. द्रावणातला साबण त्या फोडतो, आतला डीएनए बाहेर येतो आणि दूध लपलपीत, जेलीसारखं होऊन खळग्याच्या मध्यावर गोळा होतं. सगळा कारभार अर्ध्या मिनिटाचा. एका मिलिलिटरमध्ये दोन लाखांहून अधिक पेशी म्हणजे सडात काहीतरी बिनसलं आहे, असा साधारण संकेत आहे. युरोपात टाकीतल्या दुधाला चार लाखांची मर्यादा आहे, अमेरिकेत साडेसात लाखांची.

सडात काहीतरी बिनसलं आहे एवढंच ही चाचणी सांगते. कोण बसलंय ते सांगत नाही. या विषयातला निम्मा घोटाळा इथूनच सुरू होतो.

‘औषध लागू पडत नाही’ या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. जंतू खरोखरच त्या औषधाला प्रतिकार करणारा असेल, ही पहिली. जंतू औषधाने मरणारा आहे, पण औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही, ही दुसरी. आणि तिसरी, सगळ्यांत जास्त दुर्लक्षित: औषधाने मारावं असं तिथे काही उरलेलंच नाही. गोठ्यात उभ्या असलेल्या माणसाला या तिन्ही एकाच रूपात दिसतात. गाठी गेल्या नाहीत, सड मोकळा झाला नाही. मग तो ‘याच्याहून कडक’ औषध मागतो. देणाराही देतो.

दुसरी गोष्ट आधी बघू, कारण ती स्टॅफिलोकॉकस ऑरियसची खासियत आहे. हा जंतू कासेच्या ऊतींत खोल शिरतो. भोवती गाठी होतात, त्या गाठींत रक्तही नीट पोचत नाही, मग औषध कुठून पोचणार? शिवाय जी पांढरी पेशी त्याला गिळते तिच्याच पोटात तो जिवंत राहतो, आणि पृष्ठभागावर चिकट थर करून त्याखाली दबा धरून बसतो. प्रयोगशाळेच्या बशीत हाच जंतू साध्या पेनिसिलीनने मरेल, आणि अहवालावर ‘संवेदनशील’ असा शेरा येईल. तिसऱ्या-चौथ्या वेताची गाय, जुना आजार, दोन-तीन सड धरलेले असतील तर तो शेरा असूनही ती बरी होण्याची आशा कमी. बशीतल्या चाचणीची आणखी एक अडचण अशी की औषधाच्या चकतीभोवती किती मिलिमीटरचं मोकळं वर्तुळ पडलं म्हणजे जंतू ‘संवेदनशील’ म्हणायचा, याचे बहुतेक आकडे माणसाच्या रक्तात औषध किती उतरतं यावरून ठरवलेले आहेत. कासेतल्या औषधाच्या प्रमाणावरून ठरवलेले आकडे मोजक्याच औषधांना आहेत. त्यामुळे अहवाल उपयोगी असतो, पण तो वचन देत नाही.

तिसरी गोष्ट ई. कोलायची. शेणातून, ओल्या जमिनीवरून सडात शिरणारा हा जंतू मोठा धुमाकूळ घालतो, गाईला ताप भरतो, कधी ती बसते, कधी दगावतेही. पण सौम्य आणि मध्यम आजारात बहुतेक वेळा गाईचं शरीरच त्याचा निकाल लावतं. दुधात गाठी दिसतात तेव्हा त्या लढाईच्या खुणा असतात. जंतू तोवर संपलेलाही असतो. म्हणूनच कासदाहाच्या दुधाचे नमुने तपासले की दहापैकी दोन ते चार नमुन्यांत काहीच वाढत नाही. अशा सडात प्रतिजैविकाची ट्यूब भरली आणि चार दिवसांनी दूध स्वच्छ झालं, तर श्रेय ट्यूबला मिळतं. नाही झालं, तर बदनामी होते ती ‘प्रतिकारा’ची. मायकोप्लाझ्मा या जंतूला तर पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे भित्तिकेवरच मारा करणारं पेनिसिलीन त्याच्यापुढे जन्मतःच निरुपयोगी. यीस्टचा कासदाह झाला असेल तर प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग नसतो. उलट अस्वच्छ हातांनी भरलेल्या ट्यूबसोबतच यीस्ट आत गेलेलं असण्याची शक्यता असते.

राहिली पहिली गोष्ट, खरा प्रतिकार. जनावरांतला एमआरएसए जगात प्रथम नोंदला गेला तो १९७२मध्ये, बेल्जियममध्ये आणि तोही कासदाह झालेल्या गाईंच्या दुधात. माणसांतला एमआरएसए इंग्लंडमध्ये १९६१ला नोंदला होता, म्हणजे गोठा रुग्णालयाच्या जवळपास एका तपाने मागे. प्रवास दोन्ही दिशांनी झाला आहे. जनुकांच्या अभ्यासातून असं दिसतं की स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा मुळात माणसाचा सोबती; जनावरं पाळायला लागल्यावर आपणच तो त्यांना दिला. पुढे गाईंत मुरलेले काही वंश विसाव्या शतकात माणसांकडे परतले. धार काढणाऱ्याचा हात आणि गाईचा सड यांच्यामधून ही देवाणघेवाण हजारो वर्षं चालू आहे.

मग प्रतिकार वाढतोय का? इथे वाचकाला ठरलेलं उत्तर अपेक्षित असतं, आणि ते तसं नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये १९९४ ते २००० या काळातल्या कासदाहाच्या जंतूंचा अभ्यास झाला, तेव्हा प्रतिकार सर्रास वाढल्याचं दिसलं नाही. काही औषधांबाबत तो कमीच झाला होता. उत्तर युरोपात तर साधं पेनिसिलीन आजही कासदाहाचं पहिल्या पसंतीचं औषध आहे आणि तिथल्या गाईंतले बहुतेक स्टॅफिलोकॉकस त्याने मरतात. माणसांच्या रुग्णालयांतले स्टॅफिलोकॉकस पेनिसिलीनला केव्हाचे पुरून उरले आहेत. ऐंशी वर्षं त्याच औषधाचा मारा सोसूनही नॉर्वे-स्वीडनच्या गाईंचे जंतू मात्र शरण येतात. याचं बरंचसं श्रेय वापराच्या शिस्तीला जातं. आधी तपासा, मग अरुंद पल्ल्याचं औषध द्या, तेही पशुवैद्यानेच. स्वीडनने वाढीसाठी खाद्यात मिसळायची प्रतिजैविकं १९८६मध्येच बंद केली होती; संपूर्ण युरोपीय संघाला ते जमायला १ जानेवारी २००६ उजाडला.

भारतातलं चित्र निराळं. इथल्या अभ्यासांत एकाच वेळी तीन-चार औषधांना न जुमानणारे जंतू वारंवार सापडतात. दुधात एमआरएसए सापडल्याच्या नोंदी अनेक राज्यांतून आहेत. २०१३मध्ये भारतीय संशोधकांनी कासदाहाच्या दुधातून काढलेल्या ई. कोलायमध्ये एनडीएम हे जनुक सापडल्याची नोंद केली. एनडीएम जंतूला कार्बापेनेम औषधांपासून वाचवतं, आणि कार्बापेनेम ही माणसांच्या अतिदक्षता विभागातली जवळजवळ शेवटची फळी. गाईंना कार्बापेनेम कुणी देत नाही. तरी ते जनुक तिथे पोचलं. कसं, याचा माग काढायचा तर गोठा, सांडपाणी, दवाखाना आणि माणसाची आतडी हा सगळा नकाशा एकत्र धरावा लागतो. मात्र इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपले बरेचसे अभ्यास छोटे आहेत आणि नमुने बहुधा महाविद्यालयाच्या दवाखान्यात आलेल्या, आधीच तीन-तीन औषधं टोचून झालेल्या गाईंचे असतात. त्यातून येणारी टक्केवारी सबंध तालुक्याची म्हणून छापणं बरोबर नाही, आणि वर्तमानपत्रं नेमकं तेच करतात.

खरी काळजी कासेतल्या जंतूपेक्षा त्याच्यावर झाडल्या जाणाऱ्या औषधाची आहे. ‘कडक’ औषध म्हणून गोठ्यात काय येतं? सेफ्ट्रायॅक्झोन, कधी त्याला जोडून टॅझोबॅक्टम. सेफ्टीओफर, सेफक्विनोम, एन्रोफ्लॉक्सॅसिन. ही तिसऱ्या-चौथ्या पिढीतली सेफॅलोस्पोरिनं आणि फ्लुओरोक्विनोलोनं जागतिक आरोग्य संघटनेने माणसांसाठी अत्यंत कळीची म्हणून वेगळी काढली आहेत. माणसाच्या न्यूमोनियाला, विषमज्वराला, रक्तातल्या संसर्गाला तीच लागतात. अमेरिकेने जनावरांत सेफॅलोस्पोरिनांचा मंजुरीबाहेरचा वापर २०१२मध्ये आवळला. युरोपात अशी औषधं चाचणीशिवाय वापरू नयेत असा दंडक आहे. आपल्याकडे तालुक्याच्या बाजारपेठेतल्या मेडिकलमध्ये रिकामी कुपी दाखवली की भरलेली मिळते. कायद्याने ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. अनुसूची एच त्यासाठीच आहे.

इंजेक्शनातून गेलेलं औषध फक्त कासेपुरतं राहत नाही. त्यातलं बरंच आतड्यात उतरतं, तिथल्या कोट्यवधी निरुपद्रवी जंतूंवर त्याचा मारा होतो, आणि त्यातून तरलेले शेणावाटे उकिरड्यावर, तिथून शेतात जातात. औषध चालू असलेल्या गाईचं दूध डेअरीला घालता येत नाही. ते फेकायलाही जीव होत नाही. मग ते वासराला पाजतात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७मध्ये या सवयीचा खास आढावा घेतला आणि अशा दुधावर वाढलेल्या वासरांच्या विष्ठेत प्रतिकारक जंतू वाढतात असं नोंदवलं. एका कासेवरचा इलाज असा दुसऱ्या पिढीच्या पोटात उतरतो.

दोन वेगळ्या प्रश्नांची गल्लत लोक इथेच करतात. दुधातले औषधाचे अवशेष हा एक प्रश्न आणि दुधातले प्रतिकारक जंतू हा दुसरा. उकळीने जंतू मरतात. भारतीय स्वयंपाकघरातली दूध तापवायची सवय या बाबतीत मोठी राखणदार आहे. अवशेष मात्र उकळीने पुरते जात नाहीत. अवशेषांविरुद्ध पहिली ओरड डॉक्टरांनी केली नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर सडात पेनिसिलीन सोडायची पद्धत पसरली आणि पाश्चात्त्य देशांतले चीजवाले हैराण झाले, कारण विरजणातले जंतूच मरू लागले. आपल्याकडेही दही लागत नाही तेव्हा मूळ कधी कधी तिथे असतं. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८मध्ये देशभरातल्या १,१०३ शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले. त्यांतल्या ७७ नमुन्यांत, म्हणजे १.२ टक्क्यांत, प्रतिजैविकांचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त निघाले. बुरशीच्या विषाचे, अफ्लाटॉक्सिन एम-१चे, नमुने त्याहून कितीतरी जास्त होते, ५.७ टक्के. म्हणजे दूध ‘प्रतिजैविकांनी भरलेलं’ आहे ही आरोळी खोटी. पण १.२ टक्के ऐकून निश्चिंत होणाराही फसतो, कारण शेकडो गोठ्यांचं दूध एकत्र आल्यावर अवशेष पातळ होतो, आणि प्रतिकाराबद्दल तर ती चाचणी काहीच सांगत नाही.

आता इलाजाकडे. कासदाहाचा सगळ्यांत यशस्वी कार्यक्रम साठ वर्षांपूर्वीचा आहे, आणि या विषयातली सगळ्यांत मोठी विसंगतीही त्याच्याच पोटात आहे. इंग्लंडमध्ये रीडिंगजवळच्या राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेत फ्रँक डॉड, फ्रँक नीव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात पाच कलमं ठरवली. धार झाल्यावर सड जंतुनाशकात बुडवा. यंत्र दुरुस्त ठेवा. दिसणाऱ्या आजारावर वेळीच उपचार करा. वारंवार आजारी पडणारी गाय काढून टाका. आणि गाय आटवताना प्रत्येक सडात प्रतिजैविकाची ट्यूब भरा. या पाच कलमांनी पाश्चात्त्य गोठ्यांचा चेहरा बदलला. स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टिये हा कधीकाळचा प्रमुख गुन्हेगार कित्येक गोठ्यांतून हद्दपार झाला. पण पाचव्या कलमाचा अर्थ असा, की आजारी असो वा नसो, प्रत्येक गाईला दर वेताला औषध. निरोगी सडांत ओतलेली किती टन औषधं त्या पन्नास वर्षांत गेली!

ही सवय मोडता येते हे नेदरलँड्सने दाखवलं. डुकरांतल्या एमआरएसएने हादरलेल्या या देशाने २००९ नंतर जनावरांतल्या प्रतिजैविकांचा वापर कमी करायचं ठरवलं आणि २०१७पर्यंत विक्री सुमारे ६३ टक्क्यांनी खाली आणली. सरसकट आटवणी-ट्यूबवर बंदी आली. २०१४पासून नियम असा, की शेवटच्या तपासणीत पहिल्या वेताच्या गाईच्या दुधात दीड लाखाहून जास्त आणि पुढच्या वेताच्या गाईच्या दुधात पन्नास हजारांहून जास्त पेशी असतील, तरच ट्यूब. बाकीच्यांच्या सडाचं तोंड बिस्मथच्या लगद्याने बंद करायचं. त्यात औषध नसतं, फक्त बूच असतं. कासदाहाची लाट येईल अशी भीती होती. ती आली नाही. २८ जानेवारी २०२२पासून युरोपीय संघाच्या नव्या कायद्याने सरसकट प्रतिबंधक वापराचे दिवस सगळीकडेच संपवले. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या गटाने दुसरा रस्ता घेतला. गोठ्यातच छोटी उबवणपेटी ठेवायची, दुधाचा नमुना बशीवर लावायचा, चोवीस तास थांबायचं आणि बशीवर ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे स्टॅफिलोकॉकससारखे, जंतू वाढले तरच औषध द्यायचं. २०११मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार औषधाचा वापर निम्म्यावर आला आणि सौम्य-मध्यम आजाराच्या गाई बऱ्या होण्यात लक्षणीय फरक पडला नाही. चोवीस तास थांबायची तयारी, एवढीच त्याची किंमत.

लस? आहेत, पण आजाराची तीव्रता कमी करण्यापलीकडे त्यांची मजल फारशी नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी तर दुधातच लायसोस्टॅफिन हे जंतू फोडणारं प्रथिन तयार करणाऱ्या जर्सी गाई जनुकबदलाने घडवल्या आणि २००५मध्ये तसं जाहीरही केलं. स्टॅफिलोकॉकसपुढे त्या टिकल्या. बाजारात त्या आल्या नाहीत.

महाराष्ट्रात ही सगळी यंत्रणा जशीच्या तशी आणायची म्हटलं तर पहिल्याच पायरीवर अडखळतं. अहिल्यानगर, पुणे, सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर या दूधपट्ट्यात गोठा दोन-चार ते दहा-पंधरा जनावरांचा, त्यात एचएफ संकरित गाई. त्यांची कास मोठी, दूध जास्त, आणि दगडीही खिल्लार-देवणीसारख्या देशी गाईंपेक्षा जास्त. रात्री सड सुजला की पहिला फोन जातो तो गावात फिरणाऱ्या खासगी सेवादात्याला. पशुवैद्यकीय पदवी असो की नसो, गाव त्याला डॉक्टरच म्हणतं. त्याच्या पिशवीत जे असतं ते गाईला मिळतं. नमुना घ्यायचा तर औषधाच्या आधी घ्यायला हवा, सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, पहिल्या धारा सोडून, निर्जंतुक बाटलीत आणि बर्फावर. तो जिल्ह्याच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत आणि अहवाल येईपर्यंत तीन-चार दिवस जातात. एवढ्यात औषधाचा कोर्स संपतो. अहवाल आला तरी तो वाचायला उपचार करणारा हजर नसतो. मुंबईत परळला १८८६पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, नागपूरला २०००पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. ज्ञानाची वानवा नाही, ते गोठ्यापर्यंत वेळेत पोचत नाही.

शेतकऱ्याला बेफिकीर म्हणणं सोपं आहे. दिवसाला १५ लिटर देणारी गाय पाच दिवस बाजूला ठेवायची म्हणजे ७५ लिटर दुधावर पाणी सोडायचं, तेही औषधाचं बिल भरून. त्याला जे लवकरात लवकर दूध स्वच्छ करेल असं वाटतं तेच तो मागणार.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने २०१४मध्ये गुजरातेत साबर डेअरीच्या क्षेत्रात सुरू केलेला कासदाह नियंत्रण प्रकल्प या परिस्थितीला धरून आखला होता. सुप्त कासदाह गावातच शोधायचा, तो सापडला तर पोटातून ट्रायसोडियम सायट्रेट द्यायचं. दिसणाऱ्या आजाराला वनौषधींचा लेप: २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम चुना, एकत्र वाटून, पातळ करून, कास धुऊन दिवसातून अनेकदा चोळायचा. तमिळनाडूतल्या पशुवैद्य पुण्णियमूर्ती यांच्या पारंपरिक औषधांवरच्या कामातून हा पाठ आला. महाराष्ट्रातही तो आता बऱ्याच गोठ्यांत पोचला आहे. त्याचं मूल्यमापन करताना दोन टोकं टाळली पाहिजेत. लेपाने सडाच्या आत खोल बसलेला स्टॅफिलोकॉकस मरतो असं सिद्ध करणाऱ्या काटेकोर तुलनात्मक चाचण्या थोड्या आहेत. ताप भरून बसलेल्या गाईला लेपावर ठेवणं तर धोक्याचंच. पण वर पाहिलं तसं, सौम्य आजारात बऱ्याच गाई औषधाविना सुधारतात. तिथे लेप पहिले दोन-तीन दिवस हाताला काम देतो आणि तेवढ्यात सेफ्ट्रायॅक्झोनची कुपी फुटायची राहते. दर चार तासांनी सड पिळून कास रिकामी करणं, हेही त्यात आलंच. त्याचा स्वतंत्र फायदा आहे.

सगळ्यांत स्वस्त उपाय मात्र औषधाचा नाहीच. धार काढून झाल्यावर सडाचं छिद्र लगेच मिटत नाही, अर्धा ते एक तास उघडं राहतं. नेमकी त्याच वेळी दमलेली गाय ओल्या शेणात बसकण मारते. म्हणून धार झाली की आयोडिनच्या द्रावणात सड बुडवायचे आणि लगेच गव्हाणीत चारा टाकायचा, म्हणजे ती खायला उभी राहते. आजारी गाईची धार सगळ्यांत शेवटी. कास पुसायचं फडकं एकाचं दुसऱ्याला नाही. हे कुणाला माहीत नाही असं नाही. पण आयोडिनचा कॅन विकत घ्यावा लागतो आणि त्याचा फायदा बिलावर दिसत नाही.

बिल हा शब्द इथे महत्त्वाचा. संकलन केंद्रावर गाईच्या दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून उरलेल्या घन घटकांवर) ठरतो, ३.५ आणि ८.५ हा पायाभूत हिशेब. कायिक पेशी किती, याला त्या पावतीवर रकाना नाही. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या अनेक डेअऱ्या कमी पेशींच्या दुधाला जास्त दर देतात, जास्त पेशींचं दूध कापून घेतात. त्यामुळे तिथल्या शेतकऱ्याला निरोगी कासेचे पैसे मिळतात. आपल्याकडे सुप्त कासदाहाचं दूध आणि निरोगी दूध एकाच दराने मोजलं जातं.

नियम आपल्याकडे होत नाहीत असं नाही. चीनमध्ये डुकरांत कोलिस्टिन या प्रतिजैविकाला हरवणारं एमसीआर-१ जनुक सापडल्याचं २०१५मध्ये जाहीर झालं, आणि जुलै २०१९मध्ये भारताने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनवर बंदी घातली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे प्रतिजैविक-अवशेषांचे सुधारित, अधिक कडक नियम १ एप्रिल २०२५पासून लागू झाले. दुधातला अवशेष सापडला तर डेअरी आता टँकर परत पाठवू शकते. त्या टँकरमध्ये कुणाच्या गोठ्याचं दूध होतं आणि त्या गोठ्यात ते औषध कुणी, कोणत्या चिठ्ठीवर दिलं, हे शोधायला लागणारी नोंदवही मात्र अजून बहुतेक गावांत नाही. कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक देशभरातल्या कोट्यवधी जनावरांना मिळाला आहे. त्याच क्रमांकापुढे दिलेलं औषध, तारीख आणि दूध बाजूला ठेवायचे दिवस लिहिले गेले, आणि संकलन केंद्राच्या पावतीवर पेशींचा एक रकाना आला, तर चिठ्ठीविना गेलेली कुपी आणि सुप्त कासदाह दोन्ही पहिल्यांदा कागदावर दिसतील.